वाचकांचे प्रश्न : नॅचेझचं अर्धवट राहिलेलं घर

प्रश्न : ताई, माझी मुलगी ह्यूस्टनला असते. तिने मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावच्या एका घराचे फोटो पाठवलेत. बाहेरून अगदी राजवाडा, वर मोठा घुमट, आणि आत वरच्या मजल्यावर नुसत्या उघड्या विटा आणि लाकडं. पडझड झालीय का, की रिनोव्हेशन चालू आहे? (सांगलीहून एक वाचक)

काका, पडझडही नाही आणि रिनोव्हेशनही नाही, ते घर कधी पूर्ण झालंच नाही. नाव लाँगवूड. 1860 मध्ये काम सुरू झालं, 1861 मध्ये थांबलं, आणि वरचे मजले तेव्हा जसे होते तसेच आज आहेत.

हॅलर नट नावाचा एक माणूस होता, डॉक्टर नट म्हणायचे त्याला, पण पैसा सगळा कापसाचा. मिसिसिपी आणि नदीपलीकडे लुईझियाना, दोन्हीकडे त्याच्या प्लँटेशन होत्या, हजारो एकर जमीन आणि त्यावर राबणारी शेकडो गुलाम माणसं. आकडा आठशेच्या आसपास सांगतात. बायको ज्युलिया, पुष्कळ मुलं, आणि डोक्यात एकच, की नॅचेझमध्ये कोणाकडेच नसेल असं घर बांधायचं. आता नॅचेझ म्हणजे त्या काळी अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत गावांपैकी एक, तिथं कोणाकडेच नसेल असं काही करायचं म्हणजे मोठी गोष्ट होती! बाकीच्यांची घरं पांढरी, पुढे ग्रीक देवळासारखे उंच खांब, अशी. नटने ते सोडून फिलाडेल्फियाचा आर्किटेक्ट सॅम्युअल स्लोन गाठला. स्लोनच्या 1852 च्या नमुना-घरांच्या पुस्तकात एक ओरिएंटल व्हिला होता, आठ कोनांचा, वर घुमट असलेला, आणि नटला तोच पाहिजे होता, फक्त खूप मोठा. सुमारे 30,000 चौरस फूट, 32 खोल्या, आणि तळापासून वरच्या टेहळणीच्या खोलीपर्यंत धरलं तर सहा मजले.

स्लोनने फिलाडेल्फियाहून कारागीर पाठवले आणि कामाचा वेगही जबरदस्त होता, वर्ष-दीड वर्षात विटांचं सगळं कवच, छप्पर, घुमट, बाहेरचं बरंचसं लाकूडकाम उभं राहिलं. आणि एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेतच उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. उत्तरेतून आलेले कारागीर शत्रूच्या मुलखात अडकायच्या भीतीने हत्यारं तिथंच टाकून घरी निघून गेले. मग नटने स्थानिक कारागीर आणि गुलाम मजूर यांच्याकडून सगळ्यात खालचा मजला, ज्याला ते बेसमेंट म्हणतात, तेवढा 1862 पर्यंत राहण्यासारखा करून घेतला. 32 पैकी 9 खोल्या. कुटुंब तिथं राहायला गेलं, वरचं काम युद्ध संपल्यावर करू असं ठरलं, पण 1864 च्या जूनमध्ये न्यूमोनियाने नट गेला, ऐन पन्नाशीच्या आत.

ज्युलिया मात्र त्याच खालच्या 9 खोल्यांत 1897 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिली, डोक्यावर पाच रिकामे मजले घेऊन. नट दक्षिणेतला मोठा गुलाममालक असला तरी राज्यं फुटून निघण्याच्या विरोधात होता, युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूचा, आणि तरीही युनियन सैन्याच्या मोहिमेत त्याच्या प्लँटेशनचं प्रचंड नुकसान झालं. ते भरून मिळावं म्हणून ज्युलिया सरकारशी वर्षानुवर्षं दावे लढत होती, काही रक्कम मिळाली, पण घर पुरं करण्याइतकी ती कधीच नव्हती. घर 1968 पर्यंत नट कुटुंबाकडेच होतं, नंतर टेक्सासमधल्या एका कुटुंबाने विकत घेतलं आणि 1970 मध्ये नॅचेझच्या पिलग्रिमेज गार्डन क्लबला देऊन टाकलं. आज तेच सांभाळतात. 1969 मध्ये त्याला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा मिळाला, तिकडचा हा सर्वोच्च दर्जा.

प्रश्न : घुमट बघून आपल्याकडचीच आठवण येते. हा घुमट भारतातून गेला का? (औरंगाबादहून एक वाचक)

सरळ नाही, पण फिरून फिरून, हो, त्यात भारत आहे. 18 व्या शतकाच्या शेवटी थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार भारतभर फिरले, देवळं, मशिदी, मकबरे, किल्ले यांची चित्रं काढली आणि ती इंग्लंडात छापली गेली, लोक वेडे झाले त्यांच्यासाठी. मग ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचं घर मुघल ढंगात बांधून घेतलं, त्याला खुद्द थॉमस डॅनियलने सल्ला दिला. ते इंग्लंडच्या युवराजाने पाहिलं आणि मग जॉन नॅशने 1815 ते 1822 मध्ये ब्रायटनला त्याच्यासाठी रॉयल पॅव्हेलियन उभं केलं, घुमटच घुमट. ब्रायटनची फॅशन अमेरिकेत पोचली, सर्कसवाल्या पी. टी. बार्नमने 1848 मध्ये ब्रिजपोर्टला इराणिस्तान नावाचा घुमटवाला बंगला बांधला (तो 1857 मध्ये जळाला). स्लोन त्याच हवेत काम करत होता.

पण लाँगवूडला मुघल म्हणू नका. त्या घुमटाला तिकडे बायझंटाईन (जुन्या इस्तंबूलकडचा) म्हणतात, कमानींना मूरिश (स्पेन-मोरोक्कोकडच्या), छपराखालच्या नक्षीदार ब्रॅकेट इटालियन पद्धतीच्या, म्हणजे पूर्वेकडचं जे जे म्हणून त्यांच्या डोक्यात होतं ते सगळं एकत्र, आणि खाली अमेरिकन विटांचं घर. ज्या माणसाने हे काढलं त्याने पूर्व पाहिलेली नव्हती, त्याने पुस्तकं पाहिली होती. तरी मला ते घर खोटं वाटत नाही, प्रमाणं इतकी सुरेख साधलीत की झाडांमधून ते एकदम समोर येतं तेव्हा माणूस थांबतोच.

प्रश्न : मी आर्किटेक्चरला आहे, सेकंड इयर. अष्टकोनी घराचा नेमका फायदा काय? खोल्या वाकड्यातिकड्या होत नाहीत का? (पुण्याहून एक विद्यार्थिनी)

होतात ना! म्हणूनच स्लोनचा प्लॅन बघण्यासारखा आहे. आधी फायदा सांगते. भिंतीची लांबी तेवढीच धरली तर चौरसापेक्षा अष्टकोनात साधारण 20 टक्के जास्त जागा मिळते, कागदावर स्वतः काढून बघ. 1848 मध्ये ऑर्सन फाउलर नावाच्या माणसाने हाच हिशोब मांडून अष्टकोनी घरांचा असा काही प्रचार केला की पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत अशी पुष्कळ घरं उभी राहिली. बहुतेक छोटी, साधी. लाँगवूड हे त्यातलं सगळ्यात मोठं म्हणून ओळखलं जातं.

आता खोल्या. स्लोनने मध्यभागी एक मोठा अष्टकोनी हॉल ठेवला, जो वरच्या मजल्यांमधून उघडाच चढत जातो, सरळ घुमटाखालच्या खिडक्यांपर्यंत. मुख्य खोल्या त्याभोवती, आणि कोनांमुळे जे त्रिकोणी तुकडे उरतात ते साठवणीच्या खोल्या, जिने, कपाटं यांना देऊन टाकले, म्हणजे राहायच्या खोल्या सरळच राहतात. बाहेरच्या अंगाला व्हरांडे आणि बाल्कन्या, त्यामुळे भिंतींवर थेट ऊन कमी.

आणि हवा! मिसिसिपीचा उन्हाळा म्हणजे आपल्या कोकणातला मे महिना, दमट, घामाघूम करणारा. मधला उभा पोकळ भाग गरम हवा वर ओढून घुमटाखालच्या खिडक्यांतून बाहेर टाकणार, आणि खालच्या दारा-खिडक्यांतून बाहेरची हवा आत येत राहणार, पंखा नाही, वीज नाही, नुसती उंची वापरून. प्रकाशाचं पण असंच, वरच्या खिडक्यांमधून येणारा उजेड आरशांनी वळवून खालपर्यंत आणायची योजना होती असं तिथे सांगतात, आरसे काही बसले नाहीत कधी. तू मुख्य मजल्यावर उभी राहून वर पाहिलंस तर हा सगळा पोकळ बुंधा एका नजरेत दिसतो, तुळया, विटांच्या कमानी, कुठे शेकोटीसाठी सोडलेली जागा, आणि अगदी वर उजेड. प्लास्टर झालं असतं तर यातलं अर्धं झाकून गेलं असतं. शिकणाऱ्या माणसासाठी तर मी म्हणेन पूर्ण झालेल्या दहा हवेल्या सोड आणि हे एक बघ, कारण इथे भार कुठून कुठे उतरतो ते उघड्या डोळ्याने वाचता येतं.

प्रश्न : तुम्ही एवढं कौतुक करताय, पण हे गुलामांच्या पैशावर बांधलेलं घर आहे ना? अशा ठिकाणी जाऊन फोटो काढणं योग्य आहे का? (नागपूरहून एक वाचक)

पैशावरच नाही, हातांनीसुद्धा. आणि प्रश्न अगदी बरोबर आहे तुमचा, याचं उत्तर जरा सविस्तरच द्यायला हवं.

या घरांना अँटेबेलम म्हणतात, युद्धाआधीची, आणि ते युद्ध गुलामगिरीवरूनच झालं, त्यामुळे घर वेगळं आणि गुलामगिरी वेगळी असं करताच येत नाही. नॅचेझचा पैसा आला कुठून हे बघा. जमीन सुपीक, दारात मिसिसिपी नदी, आणि पेटिट गल्फ नावाचं कापसाचं वाण, जे वेचायला सोपं आणि रोगाला दाद न देणारं. ते वाण पुढे आणण्यात हॅलर नटचा बाप रश नट याचं नाव घेतलं जातं, आणि ते वाण नॅचेझच्या आसपास पसरलं तसतशी वेचणाऱ्या हातांची मागणी वाढत गेली. 1808 पासून आफ्रिकेतून माणसं आणायला बंदी होती, मग व्हर्जिनिया, मेरीलँडकडून आणायला लागले, जहाजातून नाहीतर साखळीला बांधून शेकडो मैल चालवत. फ्रँकलिन आणि आर्मफिल्ड ही जोडी यातली सगळ्यात मोठी व्यापारी. नॅचेझच्या वेशीवर फोर्क्स ऑफ द रोड नावाचा बाजार होता, 1833 पासून 1863 पर्यंत, न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल त्या भागातला सगळ्यात मोठा. तिथं लिलावाचा आरडाओरडा नसायचा, दुकानात जाऊन वस्तू निवडावी तसं लोक येऊन माणसं निवडायचे, आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे. 1863 मध्ये युनियन सैन्य आल्यावर तो बाजार बंद पडला. आता ती जागा सरकारच्या नॅचेझ नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये आहे, 2021 मध्ये घेतली गेली.

हेच पार्क मेलरोज नावाची एक हवेली दाखवतं आणि विल्यम जॉन्सनचं घरही. हा जॉन्सन जन्माने गुलाम, 1820 मध्ये मोकळा झाला, पुढे नॅचेझचा नामांकित न्हावी, आणि 1835 पासून 1851 मध्ये त्याचा खून होईपर्यंत त्याने डायरी लिहिली. गावातली भांडणं, पूर, घोड्यांच्या शर्यती, उधारी, सगळं त्यात आहे. त्याने स्वतःही गुलाम ठेवले होते, हे वाचून माणूस अस्वस्थ होतो, पण व्हावंच. त्या काळचं नॅचेझ एवढं गुंतागुंतीचं होतं.

तर जायचं का? माझं मत, जायचं. पण घर नुसतं सुंदर म्हणून बघून यायचं नाही. आणि लाँगवूडमध्ये हे इतर ठिकाणांपेक्षा सोपं जातं. पूर्ण झालेल्या हवेलीत झुंबरं, चांदीची भांडी, रेशमी पडदे यातच डोळे अडकतात आणि कष्ट कुठेच दिसत नाहीत, सगळं पॉलिशखाली. इथे वरच्या मजल्यावर फक्त कष्टच दिसतात! विटेवर वीट, रंध्याचे वळ, तुळया उचलून बसवलेल्या खाचा. नटचा थाट तिथं कुठेच नाही, पण ज्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत त्यांचं काम सगळीकडे आहे. मला हे घर म्हणूनच महत्त्वाचं वाटतं आणि फोटो काढायचाच असेल तर त्या विटांचा काढा.

प्रश्न : आमच्या खामगावच्या कापूस बाजाराचा आणि अमेरिकेतल्या युद्धाचा संबंध होता असं आजोबा सांगायचे. खरं का? (बुलढाणा जिल्ह्यातून एक वाचक)

आजोबा बरोबर सांगायचे. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालायच्या. युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं कोंडली, आणि तिकडे गिरण्या बंद पडायला लागल्या. मग सगळ्यांची नजर वळली मुंबईकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाड, जिथून मिळेल तिथून कापूस, भाव कित्येक पट, लोक गाद्या फाडून कापूस विकत होते असं सांगतात. मुंबईत नुसता पैसा ओतला गेला, बँका आणि कंपन्या रोज नव्या, बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढायच्या कंपनीच्या शेअरसाठी झुंबड, आणि या सगळ्याच्या मध्यभागी कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली, ती बातमी आली आणि भाव कोसळले, बँका बुडाल्या, रायचंदसुद्धा बुडाले. पण त्याआधी त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या पैशातून, त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला, 1869 ते 1878, नकाशा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. फोर्टची तटबंदी पाडून मुंबई नव्याने घडवायचं काम पण याच वर्षांतलं, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीतलं.

म्हणजे ज्या युद्धाने लाँगवूडचं काम बंद पाडलं त्याच युद्धाच्या पैशाने मुंबईत काम सुरू झालं. वऱ्हाडात रेल्वे, जिन, प्रेस हे जे आलं आणि 1870 मध्ये खामगावला फाटा निघाला, ते सगळं याच कापसाच्या ओढीतून. त्याआधीचाही एक धागा आहे, 1840 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूसवाले माणसं आणली होती, आपल्या शेतकऱ्यांना तिकडची शेती शिकवायला. बहुतेक ठिकाणी फसलं. धारवाडकडे मात्र अमेरिकन वाण रुजलं. तिकडची पद्धत ज्या सक्तीच्या मजुरीवर उभी होती ती काही सोबत आणता येणार नव्हती, मला वाटतं फसण्यामागे हेही एक कारण असणारच, पाऊस आणि जमीन तर आहेतच.

प्रश्न : एवढी वर्षं झाली, कोणीतरी पैसे घालून ते पूर्ण का करत नाही? (ठाण्याहून एक वाचक)

नको! नकाशे आहेत, पैसाही उभा राहील, पण आता ते पूर्ण केलं तर 1861 चा पुरावा पुसला जाईल. 1990 च्या दशकात घुमटावरचं टोक फायबरग्लासचं बसवलं, छप्पर, गळती, वाळवी हे बघावंच लागतं आणि ते महागडं काम आहे, तेवढं करावं आणि थांबावं.

प्रश्न : लुईझियानातली एक मोठी हवेली जळाली तेव्हा काही लोक आनंद करत होते. तुम्हाला काय वाटतं? (न्यू जर्सीहून एक वाचक)

ती नॉटोवे. 1859 मध्ये पूर्ण झालेली, आर्किटेक्ट हेन्री हॉवर्ड, मालक जॉन हॅम्पडन रँडॉल्फ, ऊसवाला, दीडशेवर गुलाम माणसं. 53,000 चौरस फूट, दक्षिणेत उभ्या असलेल्या अशा घरांमधलं सगळ्यात मोठं. 15 मे 2025 ला आगीत गेलं. ज्यांच्या पूर्वजांना तिथं राबवलं त्यांच्यातल्या कोणाला ते जळताना पाहून मोकळं वाटलं असेल तर मी त्यांना काही सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. तिथं लग्नं आणि रिसॉर्टचा धंदा चालायचा आणि राबणाऱ्या माणसांचा उल्लेख नावापुरता, ही तक्रार आगीच्या आधीपासूनची आहे. पण इमारत गेली याचं मला वाईट वाटलं, कारण पुरावा गेला. त्याच मिसिसिपी नदीकाठी व्हिटनी प्लँटेशन आहे, 2014 पासून तिथलं म्युझियम संपूर्ण गुलाम माणसांच्या बाजूने गोष्ट सांगतं, भिंतींवर नावं कोरलीत, शेकडो. तेही जुनं प्लँटेशनच, घर तसंच उभं आहे. तसं करता येतं.

जवळच ओक अ‍ॅली आहे, दोन्ही बाजूंनी मिळून 28 ओक आणि घराला 28 खांब, फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथं अंत्वान नावाचा गुलाम माळी होता, 1840 च्या दशकात त्याने पिकॅन (अक्रोडासारखा सुकामेवा) झाडाचं यशस्वी कलम केलं, आजची पिकॅनची बागायती त्या कामावर उभी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी डब्यात पिकॅन असतातच, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

प्रश्न : आईबाबा येणार आहेत, त्यांना लाँगवूड दाखवायचंय. कधी जावं, काय काय बघता येतं? (ऑस्टिनहून एक वाचक)

न्यू ऑर्लिन्सहून गाडीने साधारण तीन तास, बॅटन रूजहून दीड. जुलै-ऑगस्ट टाळा, आईबाबांना त्या दमटपणात त्रास होईल. वसंतात पिलग्रिमेज असतं, 1932 पासून चालू आहे, एरवी खाजगी असलेली घरंही तेव्हा उघडतात, पण गर्दी फार, शरद ऋतू जास्त बरा. लाँगवूडला गाईडबरोबर आत नेतात, आधी कुटुंब राहायचं तो खालचा मजला, तिथं नट कुटुंबाचं सामान आहे, आणि मग वरचा मुख्य मजला, जो अर्धवट आहे. त्याच्या वर सोडत नाहीत. जिने थोडेच आहेत पण आईबाबांचे गुडघे बघून ठरवा. वेळा बदलतात, आधी चेक करा. आणि अख्खा दिवस ठेवा. सकाळी फोर्क्स ऑफ द रोड आणि विल्यम जॉन्सनचं घर, दुपारनंतर लाँगवूड, या क्रमानेच करा, उलटं केलं तर सगळे दमून सकाळचं राहून जातं.